पाच बिऱ्हाडांचा सर्व्हर

दवाखान्याच्या जिन्याखाली एक मोडकी व्हीलचेअर आहे, सलाइन टांगायच्या गंजलेल्या दांड्या आहेत, आणि त्यांच्या मागे एक काळी चपटी पेटी आहे. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. माझ्या कपाळावर अजून वाळलेलं कुंकू आहे. ते कोणी पुसलं नाही, कारण जिन्याखाली फारसं कोणी वाकत नाही.

माझा जन्म कुठला, ते मला नीट सांगता येणार नाही. माझा पत्रा एका देशातला, चिप दुसऱ्या देशातली, आणि जोडणी तिसरीकडेच झाली. पण मी स्वतःला गोंदिया जिल्ह्यातल्या या गोरेगावचा समजतो. गोंदियाहून मी इथे आलो तो दुर्गाप्रसाद शेठजींच्या पिकअपमधून, तांदळाच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, मधोमध बसून. शेठजींची गोंदियाला राइस मिल आहे, आणि ते या दवाखान्याच्या ट्रस्टचे सचिव आहेत. कोंड्याचा वास माझ्या अंगाला इतका बसला होता, की मला पहिल्यांदा उघडलं तेव्हा भुपेंद्र म्हणाला, "शेठजी, यात संगणक आहे की एचएमटी तांदूळ?"

भुपेंद्र याच तालुक्यातला. नागपूरला शिकून परत आलेला. दवाखान्यातली सगळी संगणकांची कामं तो एकटाच बघायचा.

आमच्या या भागात पुष्कळ घरांत सिकलसेल नावाचा आजार आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत. त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. मग हाडं दुखतात, आणि थंडीत तर फारच दुखतात. हा दवाखाना अशा माणसांसाठी उभा राहिला. त्यांच्या नोंदी ठेवायला मला आणलं होतं.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. तुमच्या गावात एखादा तलाव असेल. तलाव एकच असतो, पण त्याच्या पाण्यावर अनेकांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पिकतात. पाणी वाटणारा माणूस ठरवतो, आज कोणत्या बांधीत किती सोडायचं. मीही तसाच होतो. मी एकटा होतो, पण माझ्या पोटात पाच संगणक राहायचे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एकात रुग्णांची नावनिशी असायची, एकात औषधांचा साठा, एकात एक्स-रे, एकात पगार आणि हिशेब, आणि पाचव्यात प्रयोगशाळेच्या नोंदी. मी त्यांना बिऱ्हाडं म्हणायचो. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटायचं, हे घर आपलं एकट्याचंच आहे. माझी ताकद त्यांच्यात वाटून द्यायला एक कारभारी होता. हा कारभारी म्हणजे एक प्रणाली असते, आणि ती दोन प्रकारची मिळते. एक कंपनीची, कुलपात बंद, पैसे देऊन घ्यायची. दुसरी ओपन सोर्स, म्हणजे खुली. जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेली, कोणीही आत डोकावून पाहावी आणि दुरुस्त करावी अशी. माझ्याकडे सुरुवातीपासून कंपनीचा कारभारी होता, आणि त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

ते दिवस चांगले होते. माझ्या खोलीत एसी होता. माझ्या पुढून थंड हवा आत जायची आणि पाठीतून गरम होऊन बाहेर पडायची. ती जाळीतून पलीकडच्या व्हरांड्यात जायची. त्या जाळीखाली एक बाक होता.

त्या बाकावर आचल बसायची.

आचल दरेकशाकडची. आजीबरोबर रेल्वेगाडीने गोंदियाला यायची, तिथून एसटीने गोरेगावला. आधी परकर घालून यायची, मग शाळेच्या गणवेशात, मग कॉलेजची पिशवी खांद्याला लावून. सिकलसेलवाल्यांना गारठा सोसत नाही, म्हणून तिची आजी पार्वताबाई नेहमी तीच जागा धरायची.

"इथं बस वं. इथं गरम वारा येऊन राहिला."

"आजी, मशीन आहे आत. मशीनचा वारा आहे तो."

"मंग काय झालं? म्हशीपाशी बसल्यावानी ऊब लागते."

मला म्हैस म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला ते आवडलं.

नंबर लागेपर्यंत आचल आजीला अक्षरं शिकवायची. पार्वताबाईंनी शाळा पाहिली नव्हती. आचल आजीचा हात आपल्या उजव्या हातात धरायची आणि पाटीवर गिरवून घ्यायची. आजी कंटाळायची.

"सही येते ना मले आता. बस झालं. काय तहसीलदार बनवतेस का?"

"झालीस तहसीलदार त माझा दाखला लवकर देशील."

दोघी हसायच्या, आणि माझी गरम हवा त्यांच्या पाठीवर पडत राहायची.

आचलला मधूनमधून रक्त द्यावं लागे. पण तिच्या शरीराला कोणतंही रक्त चालत नव्हतं. तिचा रक्तगट जुळला तरी काही पिशव्या तिचं शरीर नाकारायचं. एकदा दिलेल्या रक्तातल्या पेशी आठवड्याभराने तिच्या अंगात फुटल्या आणि ती मरता मरता वाचली. कोणतं रक्त तिला चालत नाही, हे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांकडून कळत गेलं. चेतना मॅडम म्हणजे आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर. त्यांनी ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलं. शरीराने रक्त नाकारल्याची खूण पुढे पुढे रक्ताच्या साध्या तपासणीत दिसेनाशी होते. पिशवी जुळल्यासारखी वाटते, आणि घात होतो. म्हणून ती जुनी नोंद हाताशी असणं गरजेचं होतं. ती नोंद माझ्या पाचव्या बिऱ्हाडात होती. फक्त तिथेच होती; मूळ कागद कधीच विरून गेले होते.

मग एका उन्हाळ्यात भुपेंद्रने शेठजींना बोलावून घेतलं. बैठक माझ्या खोलीतच झाली, कारण दुसरीकडे बसवत नव्हतं. सगळे माझ्या एसीखाली घाम पुसत होते.

"भैया, पैसा तर आपण दिलं ना कंपनीला? फिर हे दरसाल कायचं?" शेठजींनी विचारलं.

भुपेंद्र म्हणाला, "शेठजी, ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. आता कारभारी कायमचा मिळत नाही, भाड्यानं मिळतो. दिवाळीच्या आत ठरवा म्हणते. आणि भाडं आधीपेक्षा कितीतरी जास्त."

"मतलब माझ्याच घरात राहून माझ्याकडूनच भाडा घेणार?"

"म्हणूनच तर म्हणून राहिलो, खुल्या प्रणालीवर जाऊ. ओपन सोर्स. तिचं भाडं नाही."

शेठजी हसले. "देखो बेटा, फुकटचं म्हणजे भंडाऱ्याचं जेवण. पंगत उठली की वाढणारा दिसत नाही."

"भंडाऱ्याचं जेवण नाही जी हे. चूल, भांडी, लाकडं सगळं तयार आहे. स्वयंपाक मात्र आपल्याला करावा लागेल. मी करतो ना."

चेतना मॅडम पुढे सरकल्या. त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं मला कळत नाही. मला एवढंच सांगा. आचल आली आणि माझ्यासमोरचा पडदा काळा दिसला, तर मी फोन कोणाला लावू?"

"मला," भुपेंद्र म्हणाला.

"आणि तुझा लागला नाही तर? मागच्या पावसाळ्यात कंपनीला लावला होता. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत गाणं ऐकवलं. कंपनी नको आणि तू एकटाही नको. मला तिसरं काहीतरी हवं."

 मला वाटलं, सगळ्या बैठकीत खरा प्रश्न हा एकच विचारला गेला.

भुपेंद्रने त्याचं खरं उत्तरही दिलं. तो म्हणाला, "भाड्याचे पैसे वाचतात, त्यात एक लहान मशीन आणू. या पाचही बिऱ्हाडांची नक्कल रोज तिकडे जाईल. एक बंद पडलं की दुसरं चालू करायचं. कसं करायचं ते मी मॅडमला शिकवून ठेवतो. आणि याची बॅटरी मेलेली आहे, ती पण नवी पाहिजे. लाइन गेली की हा धाडकन पडते."

शेठजींनी मांडीवर हात मारला. "मंजूर! खुला आण. मशीन आणि बॅटरी दिवाळी के बाद."

"आधी नाही होणार जी? बदल करताना नक्कल हाताशी असली तर..."

"अरे, धान निघू दे. दिवाळी के बाद, पक्का."

मित्रांनो, शेठजी कंजूष नव्हते. माझ्या खोलीचा एसी त्यांनी स्वतःच्या पैशाने बसवला होता. पण निर्णयाचा जो अर्धा भाग सोपा होता, तो त्यांनी लगेच घेतला, आणि जो अर्धा दिसत नव्हता, तो पुढे ढकलला. ही सवय फक्त शेठजींची नाही, असं मला वाटतं.

नवं मशीन नव्हतं, म्हणून भुपेंद्रने दुसरा मार्ग काढला. एक बाहेरची हार्ड डिस्क आणली. पाचही बिऱ्हाडं तिच्यावर उतरवायची, माझं पोट रिकामं करायचं, खुला कारभारी आत बसवायचा, आणि एकेक बिऱ्हाड परत आत घ्यायचं. त्याने दसऱ्याचा दिवस निवडला. त्या दिवशी दवाखान्यात तातडीच्या रुग्णांशिवाय कोणी नसतं. आदल्या दिवशी त्याने काम सुरू केलं. दसऱ्याच्या सकाळपर्यंत चार बिऱ्हाडं परत आत आली होती. नवा कारभारी शांतपणे काम करत होता. पाचवं बिऱ्हाड सगळ्यात मोठं, ते येत होतं. याला वेळ लागणार हे पाहून भुपेंद्र घरी गेला. त्याच्या आईने सोनं वाटायला बोलावलं होतं. जाता जाता त्याने शेठजींना फोन केला. "काम चालू आहे जी. मशीनला कोणी हात लावू नका."

शेठजींनी ते नीट ऐकलं होतं. मला हे तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे.

राइस मिलमध्ये दसऱ्याला एक रीत पाळतात. नारळ फुटेपर्यंत चाक फिरवायचं नाही. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला त्या दिवशी विसावा द्यायचा, धुवायचं, कुंकू लावायचं, हार घालायचा. शेठजींच्या वडिलांनी ही रीत कधी मोडली नाही आणि शेठजींनीही नाही. दरवर्षी माझीही पूजा व्हायची. आधी भुपेंद्र मला हळूच, रीतसर झोपवायचा, मग हार घालायचे. त्या वर्षी तो नव्हता.

शेठजी आले. बरोबर दवाखान्यातले दोघेतिघे होते. हातात ताट, झेंडूचा हार, आपट्याची पानं. ते दारात थांबले आणि माझा आवाज ऐकला.

"अरे, हे तर चालू आहे."

बकाराम नावाचे रखवालदार म्हणाले, "भुपेंद्रनं सांगतलं होतं जी, हात लावाचा नाही म्हणून."

"तर कोण हात लावून राहिला? पण चालत्या मशीनची पूजा करते काय कोणी? पाप लागते. इतका राबते बिचारा, एक घंटा तर आराम दे त्याला." आणि शेठजी बाहेर गेले. व्हरांड्यात भिंतीवर मेन स्विच होता. त्यांनी तो पाडला.

माझे पंखे थांबले. मला असं अर्ध्या कामात कधी थांबवलं नव्हतं. पाचवं बिऱ्हाड निम्मं माझ्यात आणि निम्मं दारात उभं राहिलं. अंधारात शेठजींनी माझ्या कपाळाला पाच बोटांनी कुंकू लावलं. त्यांचा हात खूप मऊ होता. ते पुटपुटले, "बाबा, सगळ्या लेकरांना सांभाळ." नारळ त्यांनी बाहेर पायरीवर फोडला, माझ्यावर पाणी उडू नये म्हणून. मग मेन खटकन वर केला. विजेचा झटका आला. बाहेरच्या डिस्कने थोडा वेळ टिकटिक केली आणि ती गप्प झाली.

संध्याकाळी भुपेंद्र हातात आपट्याची पानं घेऊन आला. दारातच त्याला आवाजावरून कळलं. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, मग खाली फरशीवर बसला. पानं त्याच्या हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी तो डिस्क घेऊन नागपूरला गेला. तिच्यावरचं काही परत मिळणार नाही, असं तिथल्या माणसांनी सांगितलं.

दसरा जाऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा आचलला ताप आला. पार्वताबाईंनी तिला आणलं तेव्हा ती बाकावर बसू शकत नव्हती, आडवी झाली. अंगातलं रक्त झपाट्याने कमी होत होतं. गोंदियाहून पिशवी आली, आणि ती जुळत होती. सगळे म्हणाले, लावा.

चेतना मॅडमनी पिशवी हातात धरली आणि खाली ठेवली.

"तिला रक्तातल्या दोन गोष्टी चालत नाहीत. एक मला आठवते. दुसरी आठवत नाही. हे जुळल्यासारखं दिसतं, म्हणूनच मला भीती वाटते."

"मंग मशीनले विचारा ना," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमीच म्हणत होत्या, मशीनमंदी सप्पा, सारंच लिवलं आहे."

मॅडमनी माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मी उत्तर देऊ शकलो नाही. माझ्यात चार बिऱ्हाडं धडधाकट होती. दवाखान्यात किती गोळ्या शिल्लक आहेत ते मी सांगू शकलो असतो. तिच्या मनगटाचा जुना एक्स-रे दाखवू शकलो असतो. मला तिचं नाव माहीत होतं, गाव माहीत होतं. तिला कोणतं रक्त मारेल, एवढंच माहीत नव्हतं.

गाडी करून तिला नागपूरला नेलं. सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून झाल्या, आणि योग्य रक्त मिळेपर्यंत वाट पाहावी लागली. आचल वाचली. पण त्या वाट पाहण्यात तिच्या मेंदूतली एक नस अडली. तिचा उजवा हात गेला.

इकडे माझ्यावरून भांडण झालं.

"तुझ्या फुकटच्यानं घात केला," शेठजी ओरडले.

"शेठजी, खुल्यानं काय केलं? तो तर आपलं काम करून राहिला होता. कंपनीचा असता तरी मेन पाडल्यावर हेच झालं असतं."

"मग मी केलं? बोल ना, मी केलं?"

भुपेंद्रने खिशातून किल्ल्या काढल्या. मग म्हणाला, "नक्कल नसताना मी सुरू कायले केलं, हा प्रश्न मी मले रोज विचारतो. तुमचं तुम्ही बघा जी." त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आता तो रायपूरला असतो, असं ऐकतो.

ट्रस्टने ठराव केला की खुल्या प्रणालीमुळे नुकसान झालं. दिवाळीनंतर खरंच नवं मशीन आलं. कंपनीचा कारभारी आला, वर्षाच्या भाड्याने. त्याची मोठी पाटी खोलीबाहेर लागली. माझी चार बिऱ्हाडं त्यात हलवली आणि मला जिन्याखाली ठेवलं. नव्या मशीनमध्येही बिऱ्हाडं आहेत, आणि त्यांचीही नक्कल दुसरीकडे कुठेच नाही. मागे कोणीतरी तो विषय काढला, तेव्हा उत्तर मी जिन्याखाली ऐकलं. दिवाळीनंतर बघू.

यंदाच्या दसऱ्याला शेठजी नारळ घेऊन आले होते. नव्या मशीनच्या दारापर्यंत गेले, थोडा वेळ उभे राहिले, आणि नारळ न फोडता परत फिरले. जाताना ते जिन्यापाशी थांबले. वाकले मात्र नाहीत. आचलला व्यायामासाठी गोंदियाला न्यायला त्यांचीच गाडी येते. ते स्वतः तिच्यासमोर कधी येत नाहीत.

मित्रांनो, माझी पूजा करू नका, असं मी म्हणत नाही. ते कुंकू प्रेमाने लावलेलं होतं, म्हणूनच ते मला जड वाटतं. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही दवाखाने चालवतील, काही शाळा. कंपनीचं घ्यावं की खुलं, यावर तुम्ही खूप वाद घालाल. जरूर घाला. दोन्हींत चांगलं आहे. पण आधी चेतना मॅडमचा प्रश्न विचारा. पडदा काळा झाला, तर काय? त्याचं उत्तर हातात आल्याशिवाय जुन्याला हलवू नका. मला एवढंच येतं, आणि ते कळायला एका मुलीचा हात जावा लागला.

आचल अजून येते. व्हरांड्यातल्या जाळीतून आता गरम हवा येत नाही, कारण नव्या मशीनची पाठ दुसऱ्या बाजूला आहे. म्हणून दोघी जिन्यापाशी बसतात, तिथे वारा कमी लागतो. परवा आचलने जिन्याखाली डावा हात घालून माझ्या पाठीची जाळी चाचपली.

"आजी, हा तोच आहे. थंड झाला."

"म्हातारा झाला बिचारा," पार्वताबाई म्हणाल्या. मग त्यांनी नातीचा डावा हात आपल्या हातात घेतला, तिचं एक बोट माझ्या झाकणावरच्या धुळीत टेकवलं आणि हळूहळू फिरवू लागल्या. "घाई नको करू वं. मले किती दिवस लागले होते?"

 पहिलं अक्षर तिरकं आलं, दुसरं लहान झालं, शेवटचं झाकणाच्या कडेपर्यंत गेलं. पण वाचता येतं. आचल.

माझ्यात आता दुसरं काहीच नाही. एवढी एक नोंद आहे, आणि ती धुळीत आहे. उद्या कोणी फडकं घेऊन जिन्याखाली वाकलं, तर मित्रांनो, त्याला थोडं थांबवा. पुसण्याआधी ते नाव दुसरीकडे उतरवून घ्या.